काका, पांढरी पाच

व्हॉल्व्हवाल्या काकांकडे गाणं ऐकायला म्हणून जावं, तर गाणं सोडून बाकी सगळं ऐकायला मिळतं. रेकॉर्ड तबकडीवर असते, सुई उचललेली असते, आवाजाचं बटण शून्यावर असतं आणि काका पाहुण्याचा कान स्पीकरच्या जाळीला लावून विचारतात, "ऐकू येतंय?" ‘नाही’ म्हणालात तर पंखा आणि फ्रिज बंद करून पुन्हा ऐकवतात. ‘हो’ म्हणालात तर ॲम्प्लिफायर उलटा होतो, तळाचा पत्रा निघतो आणि तुमच्या हातात टॉर्च येतो.

ही जात पुण्यात बहुधा निवृत्तीनंतर प्रकट होते. नोकरी बँकेत झालेली, जीव मात्र लहानपणीच्या रेडिओत अडकलेला. रविवारी जुन्या बाजारात मेलेले रेडिओ चाळून भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ईएल ८४ हुडकायचे, पासोड्या विठोबापाशी कपॅसिटर घ्यायचे आणि मुलार्डचं ‘५-१०’ हे पन्नासच्या दशकातलं सर्किट बांधायचं. पाच व्हॉल्व्ह, दहा वॅट. एवढ्या पैशात बाजारात तयार आणि दणकट ॲम्प्लिफायर मिळतो, हे त्यांना सांगू नये. मुलाने सांगितलं होतं. तो आता हिंजवडीला राहतो.

सर्किट महिन्याभरात बांधून होतं. मग स्पीकरमध्ये घुमणारा हम सुरू होतो, आणि काकांचा दिनक्रमही.

आपली वीज ५० हर्ट्झची. व्हॉल्व्हच्या फिलामेंटला ६.३ व्होल्ट नेणाऱ्या वायरी पीळ न घालता ग्रिडजवळून नेल्या, की ५० चा हम. रेक्टिफायरमधून बाहेर पडताना ५० चे १०० होतात, म्हणून फिल्टर कपॅसिटर थकला की १०० चा. फरक ओळखायला लोक ऑसिलोस्कोप घेतात. काकांकडे काकू आहेत. त्यांनी गाण्याच्या परीक्षा दिल्या आहेत, आणि हे दोन्ही हम पांढरी पाचपेक्षा किंचित चढे, एकमेकांपासून बरोबर एका सप्तकावर. भाजी चिरता चिरता काकू निकाल देतात, "अहो, आज वरच्या सप्तकात आहे. कपॅसिटर बघा." काका बघतात. मोठाच घालावा असा मोह होतो, पण ईझेड ८१ रेक्टिफायरला पहिला कपॅसिटर ५० मायक्रोफॅरडच्या पुढे झेपत नाही. मग पुढे चोक बसतो. वरचं सप्तक गप्प होतं, आणि त्याच्याखाली इतके दिवस झाकलेलं खालचं ऐकू येऊ लागतं.

ट्रान्सफॉर्मर काकांनी कानाने बसवलेत. मेन्सचा चालू ठेवायचा, आउटपुटच्या ट्रान्सफॉर्मरला हेडफोन जोडायचा आणि तो ट्रान्सफॉर्मर टेबलावर तसूतसूने फिरवायचा. जिथे हम कमीत कमी, तिथे खूण करून भोकं पाडायची. हे चालू असताना घरात मिक्सर लागत नाही. चटणी राहून जाते.

प्लगची अर्थची पिन काढून टाका, हम जाईल, असं सांगणारा शहाणा भेटला की मात्र काका लालबुंद होतात. "हम जाईल हो, मागोमाग मीही जाईन!" त्यांचा संशय सोसायटीच्या अर्थिंगवर आहे. वार्षिक सभेत पार्किंग आणि पाण्याची टाकी उरकली की काका उभे राहतात आणि अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा शेवटचा कधी घातला, हे विचारतात. सेक्रेटरी दरवर्षी ‘नोंद घेतली’ म्हणतात.

गेल्या दिवाळीत हम खरोखरच गेला. काकूंनी कान लावून तसा दाखला दिला. काकांनी किशोरीताईंची रेकॉर्ड लावली, डोळे मिटले, आलाप जेमतेम स्थिरावतोय तोच उघडले. "या रेकॉर्डला खरखर आहे."

माझं मत विचाराल तर यांना गाण्याची आवड नाही, शांततेची आहे. ती मिळवायला ते कितीही आवाज करतील. दुसरं सर्किट सध्या जेवणाच्या टेबलावर आहे, ईएल ३४ चं. घरचे ओट्यापाशी उभ्याने जेवतात.

बोलावणं आलं तर जरूर जा, काकूंची थालीपीठं झकास असतात. फक्त चॅसी उघडी असेल तेव्हा एक हात खिशात ठेवा. स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात.