हॅपी गुड फ्रायडे आणि इतर तक्रारी

गुड फ्रायडेला पहाटेपासून मोबाइलवर संदेश सुरू होतात. 'हॅपी गुड फ्रायडे!' सोबत फुगे, केक, एखाद्या उत्साही मित्राकडून थेट सांताक्लॉज. ज्या दिवशी प्रभूला खिळे ठोकले, त्या दिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.

नगरसेवकाचा फ्लेक्स तर आदल्या दिवशीच चौकात लागलेला असतो. येशूचा फोटो लहान, नगरसेवकाचा मोठा. कोण कोणासाठी मेला, हे फोटोच्या आकारावरून ठरवायचे झाले तर पंचाईत आहे.

यावर चिडायचे का? चिडलो असतो. पण दुपारी बारा ते तीन, क्रुसावरच्या सात उद्गारांवर प्रवचने चालू असताना मागची बाके रिकामी होती. शुक्रवार-शनिवार-रविवार जोडून आले की अर्धी मंडळी अलिबागला असते. नगरसेवकाने निदान तारीख तरी लक्षात ठेवली.

'तुम्ही मराठी किती छान बोलता हो!' हे कौतुक मराठी ख्रिस्ती माणसाला जन्मभर पुरते. नाव बायबलातले, आडनाव नगर जिल्ह्यातले, पणजोबाही तिथलेच. मग आम्ही बोलायचे तरी काय? हिब्रू?

सिनेमावाल्यांचे काम त्याहून सोपे. फ्रॉक, हातात ग्लास, वाक्याच्या शेवटी 'मॅन' : झाला ख्रिस्ती. मिशन कंपाउंडमधली नऊवारीतली आजी, भाकरी थापता थापता ना. वा. टिळकांचे भजन गुणगुणणारी, तिला कोणी रोल देत नाही.

ती ख्रिस्ती दिसतच नाही ना!

इथवर सगळ्या माना डोलल्या असतील. बाहेरच्यांवरची तक्रार आम्हाला नेहमीच गोड लागते. आता जरा आत येऊ.

1616 साली गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. इंग्लंडातून आलेल्या माणसाने मराठी आत्मसात केली आणि हजारो ओव्या रचल्या. आज शहरातल्या चर्चमध्ये नववीतल्या पोराला मराठी शास्त्रपाठ वाचायला सांगा. आई आदल्या रात्री रोमन लिपीत लिहून देते.

'ख्रिस्तपुराण'ही रोमन लिपीतच छापले होते, असे कोणी हुशार सांगेल. खरे आहे. पण तेव्हा गोव्यात देवनागरीचे टाइप नव्हते. आमच्याकडे काय नाही?

गाण्यांचे तर बोलायलाच नको. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन चर्चमध्ये रुजवले, कारण परदेशी चालींत मराठी माणसाचे मन रमेना. शंभर वर्षांनी आम्ही मोठ्या कष्टाने ती चूक दुरुस्त केली. पेटी कपाटावर, टाळ कपाटात, मधोमध ड्रमसेट. डोळे मिटलेला वर्शिप लीडर एकच ओळ इतक्या वेळा म्हणतो की देवालाही पाठ व्हावी. 'उपासना संगीता'ची प्रत पेटीच्या खाली आहे. पेटी हलू नये म्हणून.

बाहेरचे म्हणतात, हे परके. आम्ही आत बसून पुरावे तयार करतो.

धर्मांतराच्या लाटेबद्दल रोज वाचतो. अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले 1813 साली. दोनशेहून अधिक वर्षे झाली. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती किती? सुमारे 10 लाख 80 हजार. एक टक्क्यालाही थोडे कमीच. इतकी संथ लाट जगात दुसरीकडे आली असेल, तर ती कोणाला दिसली नसेल.

तरी समाजमाध्यमांवर कोणी ना कोणी धर्मांतरासाठी म्हणे मिळालेल्या तांदळाच्या पोत्याचा हिशेब विचारतोच. बाबा रे, पोते मिळाले असते तर आमच्या आज्याने भाकरीऐवजी भात खाल्ला असता.

आता जात. राष्ट्रपतींच्या 1950च्या आदेशाने अनुसूचित जाती फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956मध्ये शीख आले, 1990मध्ये बौद्ध आले. दलित ख्रिस्ती अजून दाराबाहेर. कारण काय, तर ख्रिस्ती धर्मात जात नाही.

सरकारने आमच्या वधू-वर सूचक मेळाव्याचा फॉर्म वाचलेला नाही.

'मूळ समाज' असा एक रकाना असतो. फार सभ्य रकाना. चार पिढ्यांपूर्वी बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडवलेले सगळे त्या रकान्यात सुखरूप पोहून वर येते. गोव्यात तर बामण, चारडो, सुदीर हे भेद चारशे वर्षे चर्चच्या बाकांवर शेजारी बसतात आणि सोयरिकीच्या वेळी वेगळे उठतात. आमचे पुढारी दिल्लीत निवेदन देतात : दलित ख्रिस्ती भेदभाव सोसतो. अगदी बरोबर. पण कोणाकडून, हा परिच्छेद निवेदनात आखूडच का असतो?

बिशपांनी यावर पत्रक काढावे. निवडणुकीनंतर काढले तरी चालेल.

निवडणूक म्हणजे चर्चची. विधानसभेची आम्ही किरकोळ समजतो. पंच कमिटीला उभे राहायचे तर पॅनल लागते, जेवणावळी लागतात, विरोधी गटाच्या मेव्हण्याची कुंडली लागते. नव्या पाळकसाहेबांना एक गट हार घालून आणतो. दुसरा गट त्याच आठवड्यात बदलीचा अर्ज टाईप करायला देतो. पाळकसाहेब शेजाऱ्यावर प्रीती करण्याविषयी प्रवचन करतात, तेव्हा दोन्ही गट एकमेकांकडे बोट दाखवून माना हलवतात.

मतदार यादी हा खरा चमत्कार. वर्गणी थकली म्हणून जिवंत माणसांची नावे उडतात. मृतांची राहतात.

पुनरुत्थानावर आमचा विश्वास आहे.

एवढा जीव कशासाठी? सेवेसाठी, असे सगळे सांगतात. मग ज्या मंडळीकडे जमीन नाही, तिथे सेवेला माणूस का मिळत नाही? मिशनऱ्यांनी मागे शाळा ठेवल्या, दवाखाने ठेवले, बंगले आणि मोक्याची मैदाने ठेवली. शाळेला मास्तर नाही, दवाखान्याला डॉक्टर नाही, मैदानाला मात्र बिल्डर आहे. नागपूरला 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा पंथ एक झाले आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभे राहिले. फार मोठा दिवस. मंडळ्या जोडल्या गेल्या, मालमत्ताही जोडल्या गेल्या. वाद कशावरून झाले, हे सांगायला संदेष्टा लागत नाही. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात आमची हजेरी शब्बाथ शाळेपेक्षा बरी असते.

पौलाने करिंथकरांना विचारले होते : भावाभावांचे खटले न्यायालयात कशाला? पत्र पोचले. वकिलाने फाइलला लावले.

मिशनऱ्यांची जागा आता मंडपवाल्या प्रचारकांनी घेतली आहे. आंधळ्यांना दृष्टी मिळेल, असे पत्रक. पत्रकावर प्रचारकाचा फोटो. नाकावर जाड चष्मा.

निराशेची आम्हाला परंपरा आहे, आणि ती थोर माणसांनी घालून दिली. पंडिता रमाबाईंचा 1883 साली बाप्तिस्मा झाला. इकडे धर्म सोडला म्हणून राग, तिकडे इंग्लंडमधल्या सिस्टर्सना ही बाई सांगितलेले मुकाट ऐकत नाही म्हणून राग. टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. चर्च सोडून देव शोधायला निघालेला तो काही पहिला नव्हे. आज त्याच टिळकांची तसबीर चर्चच्या भिंतीवर आहे. मेलेला बंडखोर फार शोभून दिसतो.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चेही तसेच. सगळ्या महाराष्ट्राला त्या आपल्या वाटतात. वाटाव्यातच. पण त्यांनी हट्टाने आणि विचारांती स्वीकारलेला ख्रिस्त मात्र अनेकांना पुस्तकातली छपाईची चूक वाटतो.

2020 साली धाराशिवच्या, तेव्हाच्या उस्मानाबादच्या, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईच्या हिरवाईसाठी लढलेला, मराठी 'सुबोध बायबल'साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवलेला माणूस. निवड जाहीर झाली आणि निषेधाचे फोन सुरू झाले. पाद्री कसा चालेल? आम्ही खवळलो, सभा घेतल्या, ठराव केले. ठराव करणाऱ्यांना 'सुबोध बायबल' वाचले का, एवढे विचारून बघा.

ठराव वाचले आहेत, म्हणतील.

नाताळबद्दल थोडक्यात. 2014पासून 25 डिसेंबर हा सुशासन दिनही आहे. गव्हाण आणि शासन एकाच तारखेला. जागा नाही, हे गोठ्यातल्या बाळाला पहिल्यापासून माहीत आहे. ट्रीवर बर्फ म्हणून आम्ही कापूस पसरतो. विदर्भाच्या कापसाला भाव नाही, पण नगरच्या बर्फाला आहे.

'एवढा वैताग आहे तर चर्चला जाता कशाला?' असे एक शेजारी विचारतात. ते सोसायटीच्या गणेशोत्सवाचे खजिनदार आहेत. वर्गणीचा हिशेब अजून लागलेला नाही. दरवर्षी पुन्हा तेच खजिनदार होतात, कारण दुसरे कोणी हात वर करत नाही.

आमच्यात तर हात वर करणारे भरपूर आहेत. गाण्याच्या वेळी. ताळेबंदाच्या वेळी सगळ्यांचे हात प्रार्थनेत जोडलेले असतात.

तेव्हा वाचकहो, तुम्ही कुठल्याही मंडळीचे असा, वार्षिक सभेची नोटीस दारावर लागली की फोटो काढून ठेवा. ताळेबंदाची प्रत लेखी मागा. 'भावा, विश्वास ठेव' असे उत्तर आले तर दुसऱ्यांदा मागा. आणि त्याआधी सभासद यादीत आपले नाव आहे का, ते जिवंतपणीच बघून घ्या.