घरचे विरजण: नवशिक्यांसाठी पक्षाध्यक्ष लावण्याची कृती

साहित्य: एक जुना अध्यक्ष, शक्यतो संस्थापक. एक वातानुकूलित सभागृह. सूचक एक, अनुमोदक हवे तितके. पुढच्या रांगेतल्या सगळ्यांच्या माना एकदम मावतील असा एक हार. गुलाल. पक्षाच्या घटनेची एक प्रत. ती कपाटात असली आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणाला आठवत नसले, तरी तूर्त अडत नाही. निवडणूक चवीपुरती.

दही लावायचे तर कालच्या दह्यातले चमचाभर वाटीत काढून ठेवावे लागते. पक्षाचेही तसेच. बाहेरून आणलेल्या विरजणाने दही लागते, पण चव आपली राहत नाही, असे घरातली मोठी माणसे सांगतात. गोव्यात भाऊसाहेब बांदोडकर १२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच गेले, आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांना मुख्यमंत्री केले. भांडे तेच, चमचा घरचा. बिहारचे राष्ट्रीय जनता दल ५ जुलै १९९७ रोजी स्थापन झाले आणि २०२५ साली लालूप्रसाद तेराव्यांदा अध्यक्ष झाले; तिथे पहिले भांडेच अजून संपलेले नाही. आंध्रातल्या वायएसआर काँग्रेसने मात्र २०२२ साली जगनमोहन रेड्डींना तहहयात अध्यक्ष करायचे घाटले आणि निवडणूक आयोगाने ते चालणार नाही असे कळवले. नवशिक्याने इथे खूण करून ठेवावी: तहहयात राहावे, कागदावर तसे लिहू नये.

निवडणूक घेण्याचा मोह शक्यतो आवरावा. घ्यावीच लागली तर ती कोणाविरुद्ध घेतो आहोत हे आधी नीट पाहावे. काँग्रेसने २००० साली घेतली तेव्हा सोनिया गांधींना ७,४४८ मते पडली आणि जितेंद्र प्रसाद यांना ९४. लोक ७,४४८ चा आकडा सांगतात. मला त्या चौऱ्याण्णव जणांविषयी जास्त कुतूहल आहे. घरी जाऊन त्यांनी बायकोला तरी सांगितले असेल का?

त्याआधी १९९७ साली सीताराम केसरी, शरद पवार आणि राजेश पायलट असा तिरंगी सामना झाला होता. केसरींना ६,२२४ मते, पवारांना ८८२, पायलटांना ३५४. म्हणजे केसरी रीतसर, भरघोस मतांनी निवडून आलेले अध्यक्ष. मार्च १९९८ मध्ये कार्यकारिणीने एका बैठकीत त्यांना बाजूला केले आणि सोनिया गांधी अध्यक्ष झाल्या. निवडून येणे आणि खुर्चीवर राहणे या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, अभ्यासक्रमही वेगळा. जुन्या काळात हा धडा आणखी मोठ्या माणसांना मिळालेला आहे. १९३९ साली सुभाषबाबू पट्टाभि सीतारामय्यांविरुद्ध १,५८० विरुद्ध १,३७७ असे जिंकले, गांधीजींनी तो पराभव आपला मानला, आणि एप्रिल संपायच्या आत सुभाषबाबूंनी अध्यक्षपद सोडले. १९५० साली नाशिकच्या अधिवेशनात पुरुषोत्तमदास टंडन अध्यक्ष म्हणून मिरवले. कृपलानींना हरवून ते आले होते. आपले शंकरराव देवही उभे होते, ते तिसरे. नेहरूंना टंडन पटले नाहीत. वर्षभरात टंडन पायउतार आणि पंडितजी स्वतः पक्षाध्यक्ष.

हे सगळे टाळायचे तर बिनविरोधचा सोपा मार्ग आहे. भारतीय जनता पक्षाने तो इतका घोटला आहे की तिथे अध्यक्षपदासाठी मतपेटी लागत नाही. निम्म्या राज्यांतल्या संघटनात्मक निवडणुका उरकल्यावर राष्ट्रीय अध्यक्षाची निवड, असा त्यांच्या घटनेतला नियम. अर्ज एकाच नावाचे येतात, छाननीत एकच नाव उरते, आणि निवडणूक अधिकारी गंभीर चेहऱ्याने निकाल जाहीर करतो. मुदत संपली तर ती वाढवता येते, जे. पी. नड्डा जानेवारी २०२० मध्ये तीन वर्षांसाठी आले आणि २०२३ साली त्यांना जून २०२४ पर्यंत वाढ मिळाली. कधी कधी शिवलेला कोट अंगावर चढतही नाही. सलग दुसऱ्यांदा अध्यक्ष होता यावे म्हणून २०१२ साली घटना दुरुस्त झाली, तेव्हा अध्यक्ष होते नितीन गडकरी. जानेवारी २०१३ मध्ये गडकरींनी माघार घेतली आणि राजनाथ सिंह अध्यक्ष झाले.

आता कृतीतला सर्वांत नाजूक भाग: ठराव कोणी मांडायचा? नवशिके इथे हमखास चुकतात. नव्या अध्यक्षाच्या जवळच्या माणसाला सूचक करतात. त्याने ठरावाला वजन येत नाही. सूचक असा निवडावा की ज्याला ते पद स्वतःला हवे होते. जानेवारी २००३ मध्ये महाबळेश्वरला शिवसेनेचे शिबिर भरले. उद्धव ठाकरे यांना कार्याध्यक्ष करावे हा ठराव मांडला राज ठाकरे यांनी. पुढे ९ मार्च २००६ रोजी त्यांनी स्वतःचा पक्ष काढला हा भाग अलाहिदा. महाबळेश्वरच्या थंडीत ठराव मात्र एकमताने झाला. हीच कृती जयपूरला डिसेंबर २०२३ मध्ये पाहायला मिळाली. राजनाथ सिंह निरीक्षक म्हणून आले, वसुंधराराजे शिंदे यांच्या हाती चिठ्ठी आली, आणि दोनदा मुख्यमंत्री झालेल्या या बाईंनी मुख्यमंत्रिपदासाठी पहिल्यांदाच आमदार झालेल्या भजनलाल शर्मांचे नाव पुकारले. चिठ्ठी उघडतानाचा त्यांचा चेहरा ज्यांनी पाहिला त्यांना वेगळे प्रशिक्षण लागणार नाही.

निरीक्षक म्हणजे काय, असे एका नव्या कार्यकर्त्याने मला विचारले होते. निरीक्षक म्हणजे आमदारांचे मत जाणून घ्यायला येणारा माणूस. तो येतो तेव्हा मत त्याच्या खिशात असते. एका ओळीचा ठराव होतो: नेता निवडण्याचा अधिकार पक्षश्रेष्ठींना. क्वचित आमदारच बैठकीला येत नाहीत. २५ सप्टेंबर २०२२ ला जयपूरला तसे झाले. मुख्यमंत्री अशोक गेहलोत काँग्रेसचे राष्ट्रीय अध्यक्ष होणार, मग राजस्थानात कोण, हे पाहायला मल्लिकार्जुन खर्गे आणि अजय माकन गेले. बरेचसे आमदार एका मंत्र्याच्या घरी जमले आणि राजीनामे घेऊन विधानसभा अध्यक्षांकडे गेले. परिणाम असा की गेहलोत अध्यक्षपदाच्या शर्यतीतून गेले आणि महिन्याभरात निरीक्षकच अध्यक्ष झाला. खर्गे ७,८९७, शशी थरूर १,०७२. काही विरजण असेही लागते.

दही फार दिवस राहिले की आंबते. ते ताजे करायचा महाराष्ट्रातला खात्रीचा उपाय म्हणजे राजीनामा. स्थळ-काळ नीट निवडावा. बाळासाहेबांनी १९९२ साली ‘सामना’तून शिवसेना सोडत असल्याचे जाहीर केले, शिवसैनिक रस्त्यावर आले, आणि त्यानंतर घरातल्या माणसांविषयी कुरकुर करायची कोणाची छाती झाली नाही. शरद पवारांनी २ मे २०२३ रोजी आत्मचरित्राच्या प्रकाशनात, चव्हाण सेंटरच्या व्यासपीठावरून राष्ट्रवादी काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून निवृत्ती जाहीर केली. सभागृहात रडारड झाली. समिती बसली, ५ मे रोजी समितीने राजीनामा नामंजूर केला, संध्याकाळी पवारांनी तो मागे घेतला. तीन दिवस हे माप उत्तम आहे. एका दिवसात मागे घेतला तर पोरखेळ वाटतो, आठवडा गेला तर लोकांना सवय होते. राहुल गांधींनी २०१९ साली दिला आणि मागे घेतलाच नाही, त्यामुळे सोनियाजींना हंगामी अध्यक्ष म्हणून पुन्हा बसावे लागले, आणि तो हंगाम तीन वर्षे चालला.

पवारांच्या राजीनाम्याला दोन महिने पूर्ण झाले त्याच दिवशी, २ जुलैला, अजित पवार राजभवनावर उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेत होते. इथून पुढची कृती कपाटातल्या त्या प्रतीची.

पक्ष फुटला की प्रथमच सगळे जण घटना वाचतात. एरवी कायदा तिच्यामागे फारसा लागत नाही. नोंदणी एकदा झाली की काही अपवाद वगळता आयोगाला ती काढून घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले आहे. पण दोन गट एकच चिन्ह मागायला आले की १९६८ च्या चिन्हांच्या आदेशातला परिच्छेद १५ लागतो, आणि मग आयोग विचारतो: तुमच्या संघटनेत कोण कोणाकडून निवडून आले? उत्तर असे की सगळे नेमलेले. मग संघटनेतले बहुमत मोजायचे कसे? आयोग ते सोडून देतो आणि आमदार-खासदारांची डोकी मोजतो. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवसेनेचा धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्याकडे गेला, ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादीचे घड्याळ अजित पवारांकडे.

शिवसेनेच्या प्रकरणात तर २०१८ ची दुरुस्त घटना आयोगाच्या नोंदीतच नव्हती. बाळासाहेब गेल्यावर ‘शिवसेनाप्रमुख’ हे पद त्यांच्यासाठीच राखून उद्धव ‘पक्षप्रमुख’ झाले होते. भावनेच्या दृष्टीने अगदी योग्य. १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी १९९९ ची घटना ग्राह्य धरली.

म्हणून शेवटची सूचना. घटनेत स्वल्पविराम जरी बदलला तरी प्रत आयोगाकडे पाठवावी. पोच घ्यावी. पोचेवर शिक्का आणि तारीख आहे का ते तिथेच, खिडकीपाशी उभे राहून पाहावे. पोच कपाटात ठेवावी. किल्ली कोणाकडे द्यावी हे ज्याचे त्याने ठरवावे. घरात पुतणे किती आहेत ते आधी मोजावे.