दोरीवरची बारावी

"काकू, ऐकलंत का? आमच्या वन्संनी काल फोनवर काय फर्मान काढलं!"

वहिनींचं कोपर कुंपणाच्या भिंतीवर टेकलं की समजायचं, अर्धा तास गेला. साताऱ्यातल्या आमच्या कॉलनीत ही भिंत बरोबर छातीएवढी आहे. बांधणाऱ्याने चोरांचा विचार केलेला दिसत नाही, गप्पांचा मात्र नीट केलाय. मी गॅस बारीक करून आले.

फर्मान असं, की पोरीची अकरावी संपत आली, आता दोरी बंद. दोरी म्हणजे दोरीचा मल्लखांब. वहिनींची धाकटी प्राथमिक शाळेत असल्यापासून दोरीवर आहे, हल्ली पुरलेल्या खांबावरही चढते. वन्सं राहतात पुण्यात, आणि तिथून साताऱ्याचा कारभार बघतात. त्यांचं म्हणणं, "लहानपणी ठीक होतं. आता नीटची परीक्षा आहे. आणि मल्लखांबाला विचारतंय कोण? बॅडमिंटन असतं तर गोष्ट वेगळी."

"विचारतंय कोण म्हणजे?" मी म्हटलं. "दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी बाळंभटदादा देवधर होते, त्यांनी हा खेळ वर आणला. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे, त्यांना 2024 साली पद्मश्री मिळाली. हिमानी परबला 2021 चा अर्जुन पुरस्कार. मध्य प्रदेशाने तर 2013 सालीच आपला राज्यखेळ म्हणून जाहीर करून टाकला. एवढ्यांनी विचारलं, तुझ्या वन्संचंच राहिलं होय?"

"अहो, टीव्हीवरच्या स्पर्धेत ती अबूझमाडची मल्लखांबवाली मुलं जिंकली ना 2023 ला, तेव्हा ह्याच वन्सं रडल्या होत्या कौतुकाने."

"दुसऱ्याचं पोर वर चढलं की कौतुक वाटतं गं. आपलं चढलं की खाली गादी आहे का ते बघतो आपण."

वहिनी हसल्या, पण हसू टिकलं नाही. मूळ दुखणं वन्सं नव्हत्याच. मूळ दुखणं कपाटातली फाइल होतं. जिल्हा, विभाग, राज्य अशी सगळी प्रमाणपत्रं त्यात लावलेली. "काकू, तुम्ही इतकी वर्षं कॉलेजच्या ऑफिसात होतात. खरं सांगा, ह्याचा ॲडमिशनला काही उपयोग होतो का?"

हा प्रश्न मी खिडकीच्या आत बसून इतक्या आईबापांकडून ऐकलाय, की निवृत्त झाले तरी उत्तर तोंडपाठ आहे. उपयोग होतो, पण लोकांना वाटतो तिथे होत नाही. खेळाचे वाढीव गुण मिळतात ते बोर्डाच्या परीक्षेत, दहावी-बारावीला, जास्तीत जास्त 25. स्पर्धा जितकी वरची तितके गुण जास्त. प्रस्ताव शाळा-कॉलेजातून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जातो आणि तिथून बोर्डाकडे, आणि मुदत चुकली की कितीही सोन्याचं पदक असो, कागद टेबलावरच राहतो. जिथे बारावीच्या टक्क्यांवर प्रवेश, तिथे ह्या गुणांनी फरक पडतो. नीटला मात्र 720 पैकी जे पडतील तेच तुझे. तिथे बोर्डाचे गुण बघतात ते फक्त पात्रतेपुरते.

"म्हणजे आमच्या हिला शून्य उपयोग?"

"नीटच्या रँकला शून्य. आणि ह्या फाइलीवर ॲडमिशन मिळेल असं कुणी क्लासवाला सांगत असेल तर त्याला चहा न देता घालव."

वहिनींनी पदराच्या आडून मोबाइल काढला. वन्संनीच पाठवलेलं काहीतरी होतं, 'आयआयटीत खेळाडूंना थेट प्रवेश'. ह्यात अर्धं खरं असतं, म्हणून ते जास्त फिरतं. आयआयटी मद्रासने 2024 च्या प्रवेशांपासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमाला जास्तीत जास्त दोन वाढीव जागा खेळाडूंसाठी ठेवल्या, त्यातली एक मुलींसाठी, हे खरं. पण थेट कुठला? जेईई ॲडव्हान्स्डच्या यादीत नाव यावंच लागतं.

"आणि तुझ्या लेकीने गणित कधी सोडलं?"

"दहावीच्या सुट्टीतच."

"मग मद्रास आपल्या वाटेवरच नाही. डिलीट कर."

सरकारी नोकरीतलं खेळाडूंसाठीचं पाच टक्के आरक्षण मात्र खरं आहे. केंद्राच्या नोकरभरतीच्या खेळाडू कोट्यातही 2020 पासून मल्लखांबाचं नाव आलं. पण ते पुढचं. पद जितकं मोठं तितकी स्पर्धाही मोठी लागते, नुसत्या सहभागावर भागत नाही, आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा उपसंचालकांच्या ऑफिसातून करून घ्यावी लागते. तेव्हा फाइल जपायची. (आणि लॅमिनेशन करायचं नाही! मागच्या बाजूला सही-शिक्का मारायची वेळ आली की प्लॅस्टिकवर शाई घसरते. हे मी किती जणांना सांगितलं असेल, तरी लोक सोनं मढवल्यासारखं मढवून आणतात.)

"मग दोरी करायचीच कशाला, असं वन्सं म्हणतील," वहिनी पुटपुटल्या.

इथे मला जरा राग आला. फाइलीसाठी करत होती का पोर? पहिल्यांदा पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट ह्यांच्या बेचक्यात दोरी धरली तेव्हा कातडं सोलवटलं, आठवडाभर लंगडत होती. तेव्हा तिला क्रीडा अधिकाऱ्यांचं ऑफिस कुठे आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. दोरीला गाठ मारायची नाही, नुसता वेढा घ्यायचा आणि त्यावर आख्खं अंग सोडायचं, वर जाऊन आसन लावायचं आणि तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. आम्ही भिंतीवर चढताना धापा टाकतो. पूर्वी दोरीच्या जागी वेत असायचा म्हणे, चांगला वेत मिळेना म्हणून सुती दोरी आली. खर्च तरी किती? टेनिसवाल्यांचा एका रॅकेटचा खर्च हिच्या वर्षाच्या फीला पुरून उरेल. ह्या खेळाला पैसा लागत नाही, वेळ लागतो. आणि बारावीत नेमका तोच नसतो.

तेवढं वन्संचं बरोबर आहे, हे मी कबूल केलं. मागच्या बंगल्यातल्या मुलाचं उदाहरण वहिनींनीच काढलं. दहावीनंतर त्याचं पोहणं बंद करून रोजचे दोन तास वाचवले. ते दोन तास कुठे गेले ते त्याच्या आईलाही अजून सापडलेले नाहीत. पण उलटंही बघितलंय. जूनपासून जानेवारीपर्यंत पोर स्पर्धांच्या मागे, सगळं झाल्यावर रसायनशास्त्राचं पुस्तक नवं कोरं.

म्हणून आधी कॅलेंडर बघू म्हटलं. मी घरातून कालनिर्णयच आणलं. शालेय स्पर्धा पावसाळ्यात जिल्ह्यापासून सुरू होतात, राज्यापर्यंत जाईतो दिवाळी येते, वर गेली तर डिसेंबरही जातो. बोर्ड फेब्रुवारीत. नीट मेच्या सुरुवातीला. म्हणजे राज्य स्पर्धा आणि पूर्वपरीक्षा एकमेकींच्या अंगावर येणार. वहिनींचं म्हणणं, सराव चालू ठेवावा, स्पर्धा सोडाव्यात. शहाणपणाचं वाटतं ऐकायला.

तेवढ्यात लेकच सायकलवरून आली. अंगाला एरंडेलाचा वास, कोपराच्या आतल्या बाजूला खांबाने लाल केलेलं. तिने सायकल लावली आणि एका दमात आईचा बेत उलटा केला.

"स्पर्धा नसेल तर मी संच कशाला बसवू? नव्वद सेकंदांचा संच असतो, काकू. तो डोळ्यांसमोर असला की मी तासाभरात सराव उरकून घरी येते. नसला की आम्ही मुली दोन तास गप्पाच मारतो."

वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. मी कालनिर्णय उलटसुलट करत बसले. पोर बोलली ते पटण्यासारखं होतं, आणि आम्ही दोघी भिंतीवर काय करत होतो हेही तिला दिसतच होतं.

शेवटी तह असा झाला : आठवड्यातून चार दिवस, एकेक तास. राज्य स्पर्धा खेळायची, त्यात निवड झाली तर बघू. राज्य संपलं की नीट होईपर्यंत दोरी फक्त रविवारी, तीही अंग मोकळं करायला. नवीन अवघड उड्या बंद, कारण बारावीत मनगट प्लास्टरमध्ये गेलं तर पेपर कोण लिहिणार? ह्या शेवटच्या कलमावर लेकीने तोंड वाकडं केलं, पण सही केली म्हणायचं.

"आणि करायचंय काय पुढे?" मी विचारलं. एवढ्या वेळात हे कुणी विचारलंच नव्हतं.

"फिजिओ."

वन्संना एमबीबीएस हवंय, हे मला वेगळं सांगायला नको होतं. पण पोरीचं पक्कं दिसलं. गेल्या वर्षी घोटा मुरगळला तेव्हा ज्या बाईंनी तिला पुन्हा उभं केलं, त्यांच्याकडे ती अजून जाऊन बसते, प्रश्न विचारते. आपल्याकडे फिजिओथेरपीचा प्रवेशही नीटमधूनच होतो, तेव्हा तयारी एकच.

मग मी माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली. पसंतीक्रम भरताना पालक कॉलेजची इमारत बघतात, मेस बघतात, मागच्या वर्षीचा कट-ऑफ बघतात. हिच्या यादीत आणखी एक रकाना घालायचा, तिथून दोरी किती लांब. दादर आहे, पुणं आहे, नाशिक आहे, अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. एखाद्या आडगावच्या कॉलेजचा नंबर यादीत दोन घरं वर असेल आणि पन्नास किलोमीटरमध्ये मल्लखांब नसेल, तर मी ते दोन घरं खाली टाकीन. आंतरविद्यापीठ स्पर्धांत मल्लखांब असतो, पोरीचा खेळ बारावीला संपायची गरजच नाही. अर्थात नीटचे गुण बरे पडले तरच हे निवडीचे लाड.

"पुण्यात राहायचा प्रश्नच नाही म्हणा," वहिनी म्हणाल्या, "वन्संचं घर आहेच. त्यांनी तर खोली पण ठरवून ठेवलीय हिच्यासाठी."

त्यांच्या हातातला मोबाइल वाजला. नाव बघून त्यांनी तो गरम भांड्यासारखा भिंतीवरून माझ्याकडे सरकवला.

"काकूंशीच बोला हं, वन्सं!"

"हॅलो," मी म्हटलं, "नमस्कार. आधी मला एवढंच सांगा, तुमच्या घरापासून चालत जाण्याजोगी व्यायामशाळा कुठली आहे?"