रॅमभाऊ

आमच्या ऑफिसातल्या सर्व्हरचे ते राखणदार. नाव रामभाऊ. ‘रा’चा ‘रॅ’ आम्ही केला आणि त्यांनी तो रावबहादुरकीसारखा मिरवला. असा एक तुमच्याकडेही असणारच. माउसला शिवत नाही, काळ्या पडद्यावर दोन बोटांनी बडवत बसतो, आणि कुठलंही काम सांगा, आधी ते हार्ड डिस्कवरून उचलून मेमरीत नेऊन ठेवतो. का? तर, “डिस्कला कशाला त्रास?”

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डिस्क म्हणजे यांच्या घरची गुडघेदुखीवाली आत्या असावी असंच मला वाटलं.

अकरा जणांचा चहा सांगायचा असला तरी रॅमभाऊ लिहून घेत नाहीत. दोन बिनसाखरेचे, एक आल्याचा, साहेबांचा कडक, सगळं डोक्यात. “कागदाला कशाला त्रास?” किराण्याची यादीही तशीच तोंडपाठ. हिंगाऐवजी हळद घरी जाते आणि त्रास वहिनींना होतो, तो ते धरत नाहीत.

आमचा सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतो. त्यावर मेमरीतली डिस्क उभारायचं शास्त्र त्यांनी मला नव्या जावयाला मान समजावून सांगावा तसं सांगितलं. “मांडव आहे रे. ‘एमडीकॉन्फिग -ए -टी स्वॅप -एस २जी’ म्हटलं की दोन जीबीचे खांब उभे. यंत्र सांगतं, ‘एमडी०’. मग ‘न्यूएफएस’, म्हणजे सतरंज्या. मग ‘माउंट’. की आलं वऱ्हाड.” ही आज्ञा लिहिली पॉल-हेनिंग काम्प नावाच्या डेन्मार्कच्या गृहस्थांनी, पण ऐकणाऱ्याला वाटावं मांडवाचं कंत्राट रॅमभाऊंनीच दिलं होतं.

मी एकदा शहाणपणा करून ‘स्वॅप’च्या जागी ‘मॅलॉक’ लिहिलं आणि आकडा सढळ हाताने टाकला. रॅमभाऊंनी माझा हात धरला. अक्षरशः मनगट. स्वॅपवाला मांडव टंचाई आली की अंग चोरून डिस्ककडे सरकतो. मॅलॉकवाला खऱ्या मेमरीतच ठाण मांडतो, आणि मोठा करून भरत नेला तर अख्खं यंत्र कोसळतं. तसा इशारा मॅन्युअलमध्येच आहे. मॅन्युअल त्यांना पाठ. उघडून कशाला त्रास?

खरी करमणूक मांडव उतरवताना. आधी ‘यूमाउंट’, मग ‘एमडीकॉन्फिग -डी -यू ०’, हा क्रम. पण पहिल्याच पायरीला यंत्र म्हणायचं, ‘डिव्हाइस बिझी’. रॅमभाऊ ‘एफस्टॅट’ चालवायचे आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडायचे, “मांडवात कोण झोपलंय?” दहातल्या नऊ वेळा मी. त्या फोल्डरात टर्मिनल उघडं टाकून वडापाव खायला गेलेलो.

आणि मग जुलैतली ती संध्याकाळ. वीज गेली, यूपीएसने दोन मिनिटं कण्हून प्राण सोडला. पंधरा दिवस खपून लिहिलेलं माझं मॅन्युअल, रॅमभाऊंच्याच आग्रहाखातर, मेमरीतल्या डिस्कवर. म्हणजे गेलं. वीज जाताच मांडव, सतरंज्या, वऱ्हाड, सगळंच हवेत. मी त्यांना जे बोललो ते इथे छापता येणार नाही.

ते गप्प राहिले. वीज आल्यावर डिस्कवरचं एक फोल्डर उघडून दाखवलं. माझं मॅन्युअल. शेवटचा परिच्छेद तेवढा कमी. दर दहा मिनिटांनी आमच्या सगळ्यांच्या फायली गुपचूप डिस्कवर उतरवणारी एक ओळ या माणसाने क्रॉनमध्ये घालून ठेवली होती. सगळ्यांच्या, फक्त स्वतःच्या सोडून.

“तुमचं काय?”

“माझं पाठ आहे,” म्हणाले, मांडव पुन्हा उभा केला आणि दोन बोटांनी पहिल्या ओळीपासून टाइप करायला बसले.

मी चहा आणला. टाइप करता करता, मान वर न करता, ते सांगत होते. १९९०च्या आसपासची कॉलेजची लॅब, हार्ड डिस्क नसलेली यंत्रं, चौघांत मिळून एक फ्लॉपी. डॉसच्या कॉन्फिग फाइलमध्ये रॅमड्राइव्हची एक ओळ घालायची, टर्बो पास्कल एकदाच फ्लॉपीवरून मेमरीत चढवायचं, की फ्लॉपी लगेच वहीत. फार फिरवली तर झिजेल म्हणून. तरी एका दिवाळीआधी तिच्यात बॅड सेक्टर आलाच. चौघांची प्रॅक्टिकलं गेली.

“दुसऱ्या फ्लॉपीचे पैसे कुणाकडे होते रे,” म्हणाले, आणि बॅकस्पेस दाबला.

साडेनऊला त्यांचं संपलं. त्यांनी मांडव उतरवायला घेतला, पडद्याकडे पाहिलं, मग हळूच माझ्याकडे.

मी निमूटपणे माझं टर्मिनल बंद केलं.