सावकाश, सेट जुना आहे

आजचा संगणक एका सेकंदात अब्जावधी आकडेमोडी करतो आणि नेमका त्याच कारणाने तो तीस वर्षांपूर्वीच्या वायरलेस सेटशी बोलायला नालायक ठरतो. हे मी आमच्या भाच्याला सांगितलं तेव्हा त्याला ती माझ्या वयाची तक्रार वाटली. भाचा हिंजवडीला असतो. दिवसभर कुठल्याशा परदेशी बँकेचा कारभार ढगात नेऊन ठेवतो. "मामा, फार तर ड्रायव्हरचा प्रश्न असेल, पाच मिनिटांचं काम आहे," म्हणाला. माझा अनुभव असा की, पाच मिनिटांचं काम म्हणणाऱ्या माणसाला जेवायला थांबवून घ्यावं.

सेट म्हणजे मोटोरोलाचा जीएम-३००. गाडीत बसवायचा, काळा, पाठीला अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या, हातात घेतला की मनगटाला कळतं काहीतरी घेतलंय. एका ज्येष्ठ हॅमकडून, म्हणजे हौशी वायरलेसवाल्याकडून, माझ्याकडे आला. आम्हा परवानाधारक हौशी मंडळींना या सेटांचं फार. धंद्यासाठी बनवलेले असल्यामुळे ते धक्के खातात, धूळ खातात, उन्हात तापतात आणि तरी बोलतात. अमेरिकेत १ जानेवारी २०१३ पासून व्यावसायिक वायरलेसवाल्यांना पंचवीस किलोहर्ट्झच्या ऐस जागेऐवजी साडेबारात भागवायला सांगण्यात आलं, तेव्हा असे कितीतरी धडधाकट जुने सेट एकदम निवृत्त झाले आणि तिथल्या हॅम लोकांची चंगळ झाली.

जीएम-३०० च्या आधीच्या पिढीतल्या सेटांचं गणित सरळ होतं. एका चॅनेलला दोन क्रिस्टल, एक बोलायचा, एक ऐकायचा. फ्रिक्वेन्सी बदलायची तर कारखान्याला कळवायचं, ते क्वार्ट्झची चकती घासून पाठवणार, तोवर आपण वाट बघणार. पण एकदा क्रिस्टल बसवला की बसला. पुढे फ्रिक्वेन्स्या एका चिपच्या स्मृतीत जाऊन बसल्या. प्रगती झाली खरी, मात्र ती स्मृती उघडायची किल्ली संगणकाकडे गेली, आणि तीही त्या काळच्या संगणकाकडे.

मुख्य घोळ इथे आहे. या सेटांचा प्रोग्रॅम डॉसमध्ये चालतो. निळा पडदा, वर फंक्शनच्या कळांची रांग, एफ-१० म्हणजे बाहेर. माउसला कुणी विचारत नाही. हे चालवून घेता येईल. पण असे बरेच प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी 'थोडं थांब' हे संगणकाला सांगायला घड्याळ वापरलेलं नसतं. त्याऐवजी उगाच मोजत बस, इतक्या हजारांपर्यंत, असं सांगितलेलं असतं. ३८६ च्या जमान्यात तेवढं मोजेपर्यंत सेटचं उत्तर हमखास येई. आजचा प्रोसेसर तेवढं मोजतो आणि सेटने अजून तोंडही उघडलेलं नसतं. मग पडद्यावर येतं, सेट प्रतिसाद देत नाही. आजोबा चष्मा शोधून फोनपर्यंत येईस्तोवर नातवाने फोन ठेवून द्यावा, तशातली गत. सेट देतोय हो प्रतिसाद. थांबा की जरा.

यावर जगभरच्या हौशी लोकांनी काढलेले तोडगे ऐकून हिंजवडीकर हसायला लागला. मोस्लो नावाची एक छोटी युटिलिटी होती, तिचं एकमेव काम संगणकाला मंद करणं. डॉसबॉक्स नावाच्या नकली डॉसमध्ये कंट्रोल आणि एफ-११ दाबलं की वेग कमी होतो. आणखी दाबा, आणखी कमी. माणसं वेगासाठी हजारो रुपये जादा मोजून संगणक घेतात आणि मग एका कळीवर बोट ठेवून तो वेग काढून टाकतात. या कळीची सोय हिंजवडीच्या चौकाला नसली तरी चालेल, तिथे ती न दाबताच काम होतं.

वेगाचं जमलं तर पुढे तार. जुना प्रोग्रॅम थेट सीरियल पोर्टशी बोलतो, त्या नऊ पिनांच्या, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेल्या पोर्टशी. मध्ये कुणी दुभाष्या नको असतो त्याला. शिवाय पोर्टावरचा व्होल्टेज शून्याच्या वर-खाली झोके घेतो आणि सेटला फक्त शून्य ते पाच समजतं; म्हणून दोघांच्या मध्ये एक डबी लागते. डबीतून निघालेली वायर माइकच्या खोबणीत शिरते. नव्या लॅपटॉपला यातलं काहीच नाही, यूएसबी आहे. भाच्याने माझ्या खणातली यूएसबी-सीरियल वायर खोचली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आला आणि शेजारी मजकूर: ही चिप २०१२ पासून बाद झाली आहे, आपल्या पुरवठादाराशी संपर्क साधावा. आमचा पुरवठादार पुण्याच्या जुन्या बाजारात ताडपत्री पसरून बसतो. त्याच्याशी संपर्क फक्त बुधवारी आणि रविवारी होतो.

चिप बिघडलेली नव्हती, हे लक्षात घ्या. कालपर्यंतच्या संगणकावर ती चालत होती. नकली चिपांना आळा घालायचा म्हणून ड्रायव्हरनेच तिला ओळख दाखवायची नाही असं ठरवलं. २०१४ साली तर एफटीडीआय कंपनीचा ड्रायव्हर विंडोजच्या अपडेटमधून आला आणि नकली चिपांचा ओळख-क्रमांकच पुसून शून्य करून गेला. वायर ज्याने विकत घेतली त्याला असली-नकली काय कळणार? शिक्षा मात्र त्यालाच.

शेवटी रात्री जेवणं झाल्यावर माळ्यावरून जुना लॅपटॉप काढला. बॅटरी मेलेली, बिजागरी सैल, पण पाठीमागे नऊ पिना शाबूत. त्यावर खरंखुरं डॉस. डबी जोडली, सेट चालू केला. आधी वाचून घ्यायचं आणि फाइल जपून ठेवायची, हा नियम. कारण त्या स्मृतीत फ्रिक्वेन्सीच्या जोडीला त्याच एका सेटची कारखान्यात केलेली जुळणी असते; दुसऱ्याची फाइल त्याच्यात घातली तर सेट बिनसतो. पडद्यावर अंक सरकू लागले. हिंजवडीकर श्वास रोखून बघत होता. सगळं वाचून झालं, आणि आधीच्या मालकाचा संसार समोर आला: चॅनेल, टोन, आणि टाइम-आउट टायमर साठ सेकंद. बोलणाऱ्याने बटण साठ सेकंदांहून जास्त दाबून धरलं तर सेट स्वतःहून बोलणं बंद करतो. ही सोय साहित्य संमेलनाच्या माइकला का नाही, कुणास ठाऊक.

मग फ्रिक्वेन्सी. या सेटांची एक जात १४६ ते १७४ मेगाहर्ट्झसाठी बनलेली आहे. भारतात हौशींना मिळालेला पट्टा १४४ ते १४६. म्हणजे सेटची हद्द जिथे सुरू होते, तिथे आपली संपते. अमेरिकेत तोच पट्टा १४८ पर्यंत जातो, त्यांचं अर्धं काम बसल्या जागी होतं. आपला आकडा प्रोग्रॅम नाकारतो. काही मॉडेलांच्या प्रोग्रॅममध्ये मात्र शिफ्टची कळ दाबून धरून तेच आकडे टाइप केले की तो निमूट घेतो. का, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. परवान्यातल्या पट्ट्यासाठीच ही युक्ती वापरायची, हे वेगळं सांगायला नको; तरी सांगतो.

"पण मामा, मोबाइल आहे ना?" हा प्रश्न भाच्याने विचारलाच. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी पोर्ट ब्लेअरला भारती प्रसाद आणि त्यांचे हॅम सहकारी होते. अंदमानचं दळणवळण कोलमडलं तेव्हा त्यांच्या सेटांवरून निरोप गेले. हे मी त्याला सांगितलं. पण खरं सांगायचं तर आमच्यासारखे बहुतेक जण रोज संध्याकाळी एकमेकांना सिग्नल कसा आहे एवढंच विचारतात. सिग्नल बरा असतो.

तर एक विनंती. दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर जुना लॅपटॉप सापडला आणि त्याच्या पाठीला नऊ पिनांचं ते पोर्ट दिसलं, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी जवळपासच्या एखाद्या हॅमला विचारा. बॅटरी गेलेली चालेल, एखादी कळ निघालेली चालेल, मंद असेल तर उत्तमच. हार्ड डिस्कवरचे घरचे फोटो तेवढे आधी काढून घ्या.