अथ ग्राफिक्सकार्डमूर्च्छामीमांसा

ग्राफिक्स कार्डाची मूर्च्छा आणि ग्राफिक्स कार्डाचा मृत्यू हे दोन स्वतंत्र विषय आहेत, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. मेलेल्या कार्डाबद्दल शास्त्राला काही म्हणायचे नाही; त्याचे पुढचे भंगारवाला पाहतो. प्रस्तुत विवेचन आहे ते मूर्च्छेचे. गेम ऐन रंगात आलेला असतो, पडदा काळा होतो, आवाज 'टर्रर्र' करत एका जागी अडकतो आणि मग सगळे पूर्ववत होते, किंवा होत नाही. ही अवस्था येते, जाते, आठवडाभर तोंड दाखवत नाही, मग एका संध्याकाळी तीनदा येते. जो आजार आपला आपण बरा होतो, त्याला वैद्य फार. म्हणूनच या विषयात मतांचा जेवढा सुकाळ आहे, तेवढा सर्दीतही नाही.

प्रथम लक्षणविचार. व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या विंडोजमध्ये एक पहारेकरी बसवलेला आहे. दिलेल्या कामाला कार्डाने दोन सेकंदांत 'ओ' दिली नाही, तर हा पहारेकरी त्याला गदागदा हलवून जागे करतो. पडदा क्षणभर काळा होतो तो या हलवण्यामुळे. नंतर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद होते: डिस्प्ले ड्रायव्हर प्रतिसाद देत नव्हता, आता सावरला आहे. कृष्णाने शिशुपालाचे शंभर अपराध पोटात घातले. विंडोज एका मिनिटात पाच घालते. सहाव्याला निळा पडदा. आणि संगणक थेट बंदच पडला, तर पुन्हा सुरू झाल्यावर ४१ क्रमांकाची नोंद सापडते. तिचा भावार्थ एवढाच की मघाशी यंत्र नीट बंद झाले नव्हते. हे घरातल्या सर्वांना आधीच कळलेले असते, तरीही नवखा अभ्यासक या नोंदीपाशी दोन-दोन रात्री जागतो.

आता पद्धतिविचार. आयुर्वेदाने रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. पैकी उपशय म्हणजे औषध देऊन पाहायचे आणि उतार पडला की त्यावरून रोग ठरवायचा. संगणकदुरुस्तीचा अवघा डोलारा या एका उपशयावर उभा आहे. अट इतकीच की एका वेळी एकच औषध द्यायचे आणि पुरेसे दिवस थांबायचे. ही अट एखाद्या घरात पाळली गेल्याचा पुरावा प्रस्तुत लेखकास आजवर उपलब्ध झालेला नाही.

संप्रदाय अनेक आहेत. सर्वांत बोलघेवडा तो ड्रायव्हरवाद्यांचा. त्यांचे कर्मकांड ठरलेले: इंटरनेटची केबल काढावी, सेफ मोडमध्ये प्रवेश करावा, डीडीयू नामक साधनाने जुन्या ड्रायव्हरचा निर्वंश करावा आणि मग शुद्ध झालेल्या यंत्रात ड्रायव्हर पुन्हा बसवावा. केबल काढायची, कारण विंडोज स्वतःच्या मनाने मधेच एखादा ड्रायव्हर आणून बसवते. इथपर्यंत सर्वांचे एकमत आहे. मात्र बसवायचा तो सर्वांत नवा की सहा महिन्यांपूर्वीचा, यावरून नूतनमार्गी आणि प्राचीनमार्गी अशी फूट पडलेली आहे. प्राचीनमार्गी हटकून मार्च २०१० चा दाखला देतात. तेव्हा एनव्हिडियाचा १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर पंख्यांचे नियंत्रण बिघडवून कार्डे तापवू लागला आणि कंपनीला तो मागे घ्यावा लागला. नूतनमार्गी विचारतात, मग २००७ चे काय? त्या साली नोंदल्या गेलेल्या व्हिस्टाच्या क्रॅशपैकी सुमारे २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांच्या खात्यावर होते, असे मायक्रोसॉफ्टचेच कागद पुढे एका खटल्यात उघड झाले; आणि त्यावर उतारा म्हणून आले ते नवे ड्रायव्हरच ना? दोघांचेही बरोबर आहे, हीच अडचण आहे.

तापवादी कॅबिनेटचे झाकण काढून टेबल फॅन लावतात. त्यांची तात्त्विक बाजू दिसते त्याहून लंगडी आहे. कार्ड स्वतःच्या तब्येतीला जपून असते. उदाहरणार्थ जीटीएक्स १०८० चे तापमान ८३ अंशांवर पोचले की ते आपला वेग आपणच कमी करू लागते. निव्वळ तापामुळे गेम अडखळतो, रेंगाळतो; मूर्च्छा त्यामानाने दुर्मीळ. अपवाद मोठा गमतीचा आहे. २०१० साली स्टारक्राफ्ट २ हा गेम आला, तेव्हा लढाईत धडधाकट असलेली कार्डे मेनूवर भाजून निघाली. मेनूत काढायला विशेष काही नव्हते आणि वेगाला लगाम नव्हता, म्हणून कार्ड तेच चित्र शक्य तितक्या वेगाने पुन्हा पुन्हा काढत बसले. काम नसताना माणूस बिघडतो हे ऐकून होतो. यंत्राचेही तसेच असावे.

यानंतर येतो खोडरबर-संप्रदाय. याच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण याचे यश खरोखर थक्क करणारे आहे. विधी असा: कार्ड स्लॉटमधून काढावे, त्याच्या कडेची सोनेरी पट्टी शाळकरी खोडरबराने एकाच दिशेने घासावी, करडी भुकटी फुंकर मारून उडवावी, ती शेजारच्या रॅमच्या स्लॉटमध्ये जाऊन बसली तर त्याकडे लक्ष देऊ नये, आणि 'टक्' आवाज येईपर्यंत कार्ड परत दाबावे. दहापैकी बऱ्याच वेळा संगणक सुधारतो. कारागीर खोडरबर खिशात टाकतो, काकू चहा ठेवतात.

परंतु या एका कृतीत किती औषधे दिली गेली, ते पाहा. कार्ड काढून घालताना स्लॉटमधले संपर्क आपोआप घासले गेले. तीन पंख्यांचे वजनदार कार्ड वर्षभर एका कडेवर लोंबकळून वाकले होते, ते सरळ बसले. पॉवरची केबल काढून पुन्हा घट्ट खोचली गेली. फुंकरीने धूळ उडाली. शिवाय संगणक वायरीसकट अर्धा तास बंद राहिला. इतक्यांनी मिळून केलेल्या कामाचे श्रेय पाच रुपयांच्या खोडरबराला मिळते. नैयायिक याला काकतालीय म्हणतील. आपल्याकडे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली म्हणतात. फरक इतकाच की इथे कावळा बसण्याआधी चौघांनी मिळून फांदी हलवलेली असते.

उपशयाचे टोक गाठले ते भट्टीवाद्यांनी. युरोपातल्या नियमांमुळे जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या सोल्डरमधून शिसे हद्दपार झाले. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही चिपांच्या कच्च्या बांधणीपायी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत असल्याचे जाहीर केले. यातून जगभरच्या हौशी मंडळींनी असा सिद्धान्त काढला की बेशुद्ध कार्डाचे सांधे सुटले आहेत, ते वितळवून जोडावेत. मग पंखे उतरवून कार्ड ओव्हनमध्ये, नानकटाई ठेवावी तसे, साधारण दोनशे अंशांवर ठेवले जाऊ लागले. बिनशिशाचे नेहमीचे सोल्डर वितळते २१७ अंशांच्या आसपास. म्हणजे त्या भाजणीत काही वितळतच नव्हते. तरीही कार्डे उठून बसत! उष्णतेने चिपच्या पोटातले तुटलेले टोक तात्पुरते टेकत असे, आणि काही आठवड्यांनी कार्ड पुन्हा मान टाकत असे. तोवर भाजणाऱ्याने आपला विजय चारचौघांत सांगून झालेला असे. पुढची बातमी सांगायला तो परत येत नसे. उपशयातला खरा हेत्वाभास हा आहे.

उरले विद्युत्वादी. हे कमी बोलतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कॅबिनेट घेऊन गेलात, की काउंटरमागचा माणूस ते उघडून सर्वांत आधी वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, हातात तोलून पाहतो आणि "हलका आहे" एवढेच म्हणतो. या दोन शब्दांत पुष्कळ शास्त्र आहे. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात आणि आठ पिनांच्या प्रत्येक प्लगमधून १५० अपेक्षित असतात. पण कार्ड सरासरीने जगत नाही. दृश्य बदलताच ते क्षणार्धात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकाने तर एसएमपीएसने शंभर मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसावा असेच लिहून ठेवले. स्वस्तातल्या डब्यावर ५०० वॉट लिहिलेले असते; तो ते कधी आणि किती वेळ देतो, ते लिहिलेले नसते. बारा व्होल्टांची धार ११.४ च्या खाली घसरली की मूर्च्छा. मात्र एसएमपीएस बदलायला हजारो रुपये लागतात आणि ड्रायव्हर फुकट असतो, त्यामुळे हा संप्रदाय नेहमी शेवटी आठवतो.

या मताची परीक्षा बहुधा अजाणता होते, ती अशी. कंटाळलेला मालक कार्ड विकून टाकतो. घेणारा नाशिकचा एक विद्यार्थी असतो. त्याच्याकडे ते रात्र-रात्र चालते, आणि तो कृतज्ञतेने तसे कळवतोही. कार्ड बदलले नाही, फक्त घर बदलले: इतका निर्मळ उपशय प्रयोगशाळेतही साधत नाही. मालक मात्र फोन ठेवून 'पोरगं कसले तरी हलके गेम खेळत असेल' असे म्हणतो आणि आणखी मोठे कार्ड आणतो. नव्या कार्डाला दोन प्लग लागतात. जुन्या एसएमपीएसच्या एकाच केबलला शेपटीसारखा दुसरा प्लग लोंबत असतो, तोच तो खोचतो. पहिल्याच संध्याकाळी पडदा काळा होतो.

"नवीनच आहे ना," ड्रायव्हरवादी मित्र खुर्ची पुढे ओढत म्हणतो, "ड्रायव्हर अजून कच्चे असतील. सेफ मोडला घे बघू."