शाब्दिक उदाहरण सोडवण्याचा यथासांग विधी

साहित्य: टोक केलेली पेन्सिल, खोडरबर, कच्च्या कामासाठी वहीचे शेवटचे पान आणि उदाहरणातल्या माणसांच्या वागण्याबद्दल मौन.

1. शंकानिरसन टाळावे. एक नळ टाकी 2 तासांत भरतो, तळाची तोटी ती 3 तासांत रिकामी करते आणि दोन्ही एकदम सुरू आहेत. घरी असे केल्यास मार बसतो, पेपरात गुण मिळतात. तासाला 1/2 वजा 1/3, म्हणजे 1/6 टाकी भरते, म्हणून 6 तास. ‘आधी तोटी बंद करावी’ हे उत्तर शहाणपणाचे असले तरी त्याला शून्य. ही परंपरा जुनी आहे. 1150 च्या सुमाराच्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी भुंग्यांच्या थव्याचा 1/5 भाग कदंबावर बसवला, 1/3 शिलींध्रावर, या दोन भागांतल्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा अधांतरी ठेवला. उडते भुंगे मोजले कोणी, असे जो विचारत नाही त्यालाच 15 हे उत्तर सापडते.

2. ‘उरलेल्या’ या शब्दाभोवती गोल करावा. शेतकऱ्याने शेताच्या 2/5 भागात ज्वारी पेरली, उरलेल्या भागाच्या 1/3 मध्ये तूर, आणि 8 गुंठे पडीक राहिले. शेत किती? उतावीळ विद्यार्थी 2/5 आणि 1/3 यांचा समच्छेद करून बेरीज घेतो आणि 30 गुंठ्यांवर पोचतो. शेत खरे 20 गुंठ्यांचे. ज्वारीनंतर 3/5 उरले, त्याचा तिसरा हिस्सा 1/5, मग पडीक 2/5 म्हणजेच 8 गुंठे. जादा 10 गुंठे शेजाऱ्याचा बांध कोरून आणावे लागतील, आणि तो दावा परीक्षेच्या वेळेत निकाली निघत नाही.

3. क्षेत्रफळ आणि परिमिती यांची गाठ पडू देऊ नये. गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, 1089 चौरस फूट. तेव्हा वरचे शेत 21,780 चौरस फूट भरते. ते 165 फूट लांब व 132 फूट रुंद आयत आहे असे मानावे, मानण्याला खर्च नाही. पेरायचे तर क्षेत्रफळ, कुंपण घालायचे तर परिमिती, म्हणजे 594 फूट. दर 11 फुटांवर एक खांब, तर खांब 54. सरळ रस्त्याच्या कडेने एवढ्याच अंतरात दोन्ही टोके धरून 55 लागले असते. शेताभोवती मात्र शेवटचा खांब पहिल्याच्याच खड्ड्यात येतो. या एका खांबापायी अनेकांची शिष्यवृत्ती हुकली असावी.

4. वर्तुळ दिसताच सातचा पाढा म्हणावा. पाठ्यपुस्तकातल्या विहिरीची त्रिज्या 7, 14 किंवा 21 असते, कारण तिथल्या गवंड्याला 22/7 शी भांडण नको असते. 9 आली तर घाबरू नये. 3.14 घेण्याची सूचना कंसात आहे का, ते पाहावे.

5. भागाकाराने संख्या घटते, ही समजूत वर्गाबाहेर ठेवावी. 15 लिटर तेल पाऊण लिटरच्या बाटल्यांत भरायचे आहे. 15 भागिले 3/4 म्हणजे 15 गुणिले 4/3, बाटल्या 20. संख्या वाढली म्हणून खोडू नये. बाटली लिटरपेक्षा लहान आहे, तेव्हा ती जास्तच लागणार. पटत नसेल तर पाऊणकी येणारे आजोबा गाठावेत. ते वहीकडे न बघता सांगतील.

6. पहिल्या पायरीला बाजूला ठेवलेली अक्कल आता परत घ्यावी. उत्तराखाली दुहेरी रेघ ओढण्याआधी ताळा हवा, आणि ताळ्याला ती लागतेच. वर्गात साडेसतरा मुले निघाली तर उदाहरण मुळापासून पुन्हा सोडवावे. पण 130 मुलांच्या सहलीला 40 आसनांच्या बस सव्वातीन आल्या, तर गणित बरोबर आहे आणि उत्तर 4 आहे. तीन बस लिहिणाऱ्याने 10 मुलांना रस्त्यात सोडले, असे समजून परीक्षकाने गुण कापावेत.